सातव्या ओळीतल्या दोन जागांची वहिवाट

मी, खाली सही करणारा, धंद्याने पाट्या रंगवणारा, आता निवृत्त, कंबरेत थोडा वाकलेला पण डोक्याने सरळ, हे मृत्युपत्र माझ्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, दिवसाउजेडी, राजीखुशीने लिहून ठेवतो की, माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. बायकोचे आहे, पण ते लग्नापासूनचे असल्याने इथे धरलेले नाही. मी कसल्याही नशेत नाही. दोन कप चहा झाला आहे आणि तिसऱ्याला नकार मिळाला आहे.

मसुदा माझ्या वकील पुतणीने तपासला आहे. ती म्हणाली, "काका, मृत्युपत्रात कविता नसते."

मी म्हटले, "म्हणूनच लोक मृत्युपत्रे वाचत नाहीत."

तिने कपाळाला हात लावला आणि कविता राहू दिली. ती पुढे येईल.

एक. राहते घर, म्हणजे बेकरीच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या, माझ्या पश्चात माझ्या पत्नीच्या, आणि तिच्या पश्चात आमच्या मुलीच्या. घरासोबत पहाटेचा पावाचा वास मिळेल, तो वाटून घेता येणार नाही. मधल्या खोलीची भिंत हिरवी आहे ती तशीच ठेवावी. मैदानाच्या कुंपणाचा रंग उरला होता म्हणून ती हिरवी झाली, हे मी बायकोला कधी सांगितले नाही. तिला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

दोन. बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. त्यातून तिने मला आवडले असते असे काहीही घेऊ नये. स्वतःला आवडेल ते घ्यावे.

तीन. माझा चहाचा थर्मास जावयांना. जावई सद्गृहस्थ आहेत, पण मैदानावर येत नाहीत. "बाबा, घरी मोठ्या पडद्यावर चेंडू जवळून दिसतो," म्हणतात. दिसतो, खरे आहे. पण पडद्यापुढे बसलेल्या माणसाच्या खांद्यावर गोल झाल्यावर कोणी थाप मारत नाही. या थर्मासातला चहा घराबाहेरच गोड लागतो, ही त्याची खोड आहे. जावयांनी अनुभव घ्यावा.

चार. माझे ब्रश, रंगांचे डबे, दोरी आणि लाकडी पट्टी मैदानावर पाणी मारणाऱ्या आमच्या पाणीवाल्याला. पत्र्याचे आकडेही त्यालाच. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण हे आकडे का रंगवले हे माहीत नसेल तर पुढचे काहीच कळणार नाही.

आमच्या शहरात हॉकीचा एक व्यावसायिक संघ होता. दर शनिवारी गाव मैदानावर लोटायचे. मी तरुणपणापासून पूर्वेच्या गॅलरीत, सातव्या ओळीत, कडेच्या बाकावर बसत आलो. माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा, पंचांच्या प्रत्येक निर्णयावर उभा राहून वाद घालायचा. अख्खी गॅलरी त्यालाच 'पंच' म्हणू लागली. कधी कधी त्याच्यासोबत त्याची बहीण यायची. ती वाद घालत नसे, नुसते बघून हळूच निर्णय सांगायची, आणि तिचे नेहमी बरोबर निघायचे. पुढे मी त्या बहिणीशी लग्न केले आणि पंच माझा मेव्हणा झाला. लग्नानंतर बायकोने मैदानावर येणे सोडले. म्हणाली, "आता दोघांचा आरडाओरडा घरबसल्या ऐकू येतो, पायपीट कशाला?"

मग एका उन्हाळ्यात मालकाने संघ विकला. खेळाडू, प्रशिक्षक, विजेवर चालणारा धावता फलक, एवढेच काय, गोलाच्या जाळ्यासुद्धा दूरच्या एका मोठ्या शहरात गेल्या. आम्हाला ते बातमीत कळले.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी मी सामना नसताना मैदानावर गेलो. मनाला समजले होते, पायांना कोणी सांगितलेच नव्हते. फाटकाशी पोहोचतो तर पत्र्याचे काम करणारा ढोलवाला ढोल घेऊन उभा. मागून आणखी काही जण. कोणी कोणाला विचारले नाही, कसा आलास म्हणून. पाणीवाल्याने फाटक उघडले. आम्ही आपापल्या जागी जाऊन बसलो. समोर हिरवेगार, रिकामे मैदान. त्या भल्या माणसाला काय वाटले कोण जाणे, त्याने पाण्याचे फवारे सुरू केले. फवारा मधली रेघ ओलांडून पलीकडे गेला तेव्हा ढोलवाल्याने ढोल वाजवला आणि आम्ही टाळ्या पिटल्या. इतके चांगले सामने मी त्यानंतरही फार पाहिलेले नाहीत.

शाळेत मला गणित कधी आले नाही, कविता मात्र एकदा ऐकली की पाठ. गुरुजी वर्गाच्या खिडकीशी उभे राहून चालीवर म्हणायचे आणि बाहेरचे झाडही ऐकतेय असे वाटायचे. त्याच चालीवर त्या संध्याकाळी घरी चालत येताना या ओळी सुचल्या:

गेले पक्षी, झाड न गेले;
झाडाखाली आम्ही बसलो;
पाने पडली, पाने फुटली,
पाहत पाहत आम्ही हसलो.

नंतर इस्पितळातल्या परिचारिकांनी ते मैदान सरावाला मागून घेतले. ड्यूटी संपवून पोरी तशाच यायच्या, आणि सुरुवातीला हॉकी अशी खेळायच्या की जणू चेंडूला इंजेक्शन द्यायचे आहे आणि तो पळतोय. पण सामने लागले. आता फलक कुठून आणायचा? म्हणून मी पत्र्याचे आकडे रंगवले, शून्यापासून पाचापर्यंत. पाचाच्या वर कोणाला लागणार आहेत, असा माझा अंदाज. पहिल्याच सामन्यात आमच्या मुलींवर सहावा गोल झाला. पाणीवाला शिडीवरून ओरडला, "काका, सहा द्या!" सहा कुठला? त्याने पाचाच्या शेजारी एक टांगला. पाच अधिक एक, त्याचे गणित माझ्यापेक्षा पक्के. रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या चालकाने बस थांबवून मान बाहेर काढली, "अहो, एक्कावन्न? हॉकी आहे की क्रिकेट?" मुली इतक्या हसल्या की गोलरक्षक मुलगी पॅडसकट आडवी झाली. पुढचा हंगाम येईपर्यंत मी नऊपर्यंत आकडे रंगवले. मुली हळूहळू जिंकायलाही लागल्या, तेव्हा ते आमच्या बाजूला टांगायला उपयोगी पडले.

आकडे पावसात बाहेर ठेवू नयेत. पाचाची शेपटी सोलली आहे, तिला लाल रंगाचा हात द्यावा.

पाच. संघ विकणाऱ्या मालकांसाठी मी माझा त्या हंगामाचा पास ठेवतो, जो त्यांनी संघ विकण्याआधी आम्हाला आनंदाने विकला होता. त्यावर अजून एकही भोक पडलेले नाही. पूर्ण हंगाम वैध आहे. त्यांनी अवश्य यावे. ओरडणार कोणी नाही. फार तर ढोलवाला.

सहा. ढोलवाल्याला मी काहीही ठेवत नाही, कारण त्याला साक्षीदार करायचे आहे. पुतणीने कायदा सांगितला, "काका, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली, तर त्याचं मिळणं बाद." हे वाक्य वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे. ढोलवाल्याला कळवले तेव्हा तो म्हणाला, "मला तुमचं काही नको. फक्त माझ्या ढोलाला कवितेत घ्या." घेतले असे समजावे.

सात. आता मुख्य गोष्ट.

आमच्या गॅलरीत तिकिटावर जागेचा आकडा कधीच नव्हता. जागा वहिवाटीने ठरायची. ज्याला एखाद्या शनिवारी जमणार नसेल, त्याच्या जागेवर शेजाऱ्याने आपला रुमाल पसरायचा. रुमाल दिसला की तिथे कोणी बसत नसे, अंतिम सामन्यालाही नाही. पण ज्या जागेवर हंगामभर ना माणूस, ना रुमाल, ती मोकळी झाली. मग जो येईल त्याची. लेखी कुठे नाही, पण मोडल्याचे मी ऐकलेले नाही.

संघ गेला तेव्हा प्रेक्षकांचीही फाटाफूट झाली. काहींनी हॉकीचे नाव टाकले. काहींनी टीव्ही घेतला. आमच्यासारखे काही तिथेच बसून राहिले. आणि माझा मेव्हणा संघामागे गेला. दर पंधरवड्याला बस पकडून त्या मोठ्या शहरात जायचा, अजून जातो. आमचे एकदाच भांडण झाले, माझ्याच जिन्यात.

"दाजी, माणसं तीच, स्टिका त्याच. तर संघ तोच!"

"अरे, पण मैदान इथे आहे! आपण इथे आहोत!"

"मैदान काय गोल मारतं?"

"आणि तुझा संघ काय तुला ओळखतो?"

खालून बेकरीवाली म्हणाली, "दोघंही जरा बाजूला व्हा, पाव जळतायत." तिथे भांडण संपले, आणि हॉकीवरचे बोलणेही. त्याला बरीच वर्षे झाली. त्या संघातले तेव्हाचे सगळे खेळाडू निवृत्त झाले, जर्सीचा रंग बदलला, नावही बदलले. मेव्हणा दर रविवारी आमच्याकडे चहाला येतो. आम्ही हवामानावर बोलतो. या घरात ढगांवर जेवढी चर्चा झाली आहे तेवढी वेधशाळेत झाली नसेल.

बायको एकदा म्हणाली, "तिथे तिकिटावर नंबर असतो म्हणे. दर वेळी नवी जागा, नवा शेजारी. गेल्या खेपेला गोल झाल्यावर यानं शेजारच्याच्या खांद्यावर थाप मारली, तर तो म्हणाला, 'काका, काही पाहिजे का?'" हे सांगताना ती हसली, आणि मग उगाच आत जाऊन भांडी लावत बसली.

मी सांगतो की, संघ गेल्यापासून प्रत्येक शनिवारी माझ्या शेजारच्या जागेवर मी रुमाल पसरला आहे. ढोलवाला म्हणायचा, "इथे माणसांपेक्षा कबुतरं जास्त, रुमाल कोणासाठी?" पण आता दिवस पालटले. परिचारिकांचे बरे झालेले रोगी येऊ लागले, त्यांचे नातेवाईक येऊ लागले. कोणी प्लास्टरचा पाय पुढच्या बाकावर ठेवून ओरडतो, आणि मुली मैदानातूनच दटावतात, "आजोबा, बसून ओरडा!" सातवी ओळ आता भरते. गेल्या हंगामात एका बाईंनी मला विचारले, "इथे कोणी बसतं का?"

मी म्हटले, "बसतो. येतोच आहे."

मी गेल्यावर तिथे रुमाल कोण पसरणार? एक हंगाम गेला की दोन्ही जागा मोकळ्या. कायद्याने आणि वहिवाटीने.

म्हणून माझ्या त्या जागेचा हक्क मी मेव्हण्याला देतो. पुतणी म्हणते, "काका, गॅलरी तुमच्या मालकीची नाही." मालकी मी मागितलीच नाही. वहिवाट देतो. अट अशी की, त्याने माझ्या जागेवर बसू नये. स्वतःच्या जागेवर बसावे आणि माझ्या जागेवर माझा रुमाल एक हंगाम पसरावा. त्यानंतर जो कोणी दाराशी उभा राहून जागा शोधताना दिसेल, त्याला हाक मारून शेजारी बसवावे. तो हंगाम मी जिवंत असतानाच सुरू झाला, तर माझी अजिबात हरकत नाही.

आठ. अंत्यविधी घरच्यांच्या सोयीने. फक्त शनिवारी दुपारी नको. कोणी येणार नाही.

नऊ. दुसरा साक्षीदार म्हणून मी मेव्हण्याला बोलावले आहे. कलम सहा त्याला वाचायला मिळेल, कलम सातही. सही करायची की नाही, हा निर्णय पंचाचा. सही केली, तर सातवे कलम बाद. मी वाद घालणार नाही. आयुष्यात एकदा तरी पंचाशी वाद न घालणारा माणूस त्याला भेटावा.

जोडकलम, त्याच दिवशी लिहिलेले.

मेव्हणा आला. चष्मा लावून, खुर्ची उजेडाकडे ओढून त्याने सगळे वाचले. एक्कावन्नपाशी त्याच्या मिशा हलल्या. "मला कोणी सांगितलं नाही हे," म्हणाला. सातवे कलम त्याने दोनदा वाचले. मग पुतणीने पेन पुढे केले. त्याने ते घेतले, टोपण काढले, पुन्हा लावले.

"मी सही करणार नाही."

"का हो मामा?" पुतणीने विचारले. तिने कायदा सांगितलेला, तरी विचारले.

"चष्मा विसरलो."

चष्मा नाकावर होता. माझी बायको पदराने खिडकीची काच पुसू लागली, जी स्वच्छच होती.

थोड्या वेळाने तो माझ्याकडे वळला. "दाजी, तो रुमाल दाखवा."

मी खिशातून काढून दिला.

"हा? हा पसरत होतात तुम्ही माझ्या जागेवर? अहो, याला रंग लागलाय! चार लोकांत लाज काढलीत माझी!"

"कुंपणाचा हिरवा आहे. जात नाही."

"मी दुसरा आणतो. आणि त्या पोरी पेनल्टी कॉर्नरला चेंडू थांबवतात कशा, ते आधी बघायचंय मला. पंच कोण असतो तिथे? नियम येतात का त्याला?"

"मैदानावर ये, मग ठरव," मी म्हटले. ढगांचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

साक्षीदार कमी पडला म्हणून खालून बेकरीवालीला हाक मारली. ती हात न धुताच आली. कागदावरचा पिठाचा डाग मजकुराचाच भाग समजावा.

वरील सर्व मी वाचून, समजून, हसत सही केली.

सही: पाट्या रंगवणारा

त्यांनी आमच्यासमोर आणि आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सही केली. त्यांचे डोके ठिकाणावर होते, निदान नेहमीइतके.

साक्षीदार पहिला: ढोलवाला
साक्षीदार दुसरी: बेकरीवाली

ठिकाण: घराची पुढची खोली
दिनांक: हंगामातल्या पहिल्या शनिवारचा आदला दिवस

खाली पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात:

वाचले. मी साक्षीदार नाही. उद्या थर्मास मी आणतो. — पंच