पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्याबाबत

मी, हनुमंत भिका रोकडे, वय वर्षे ६३, धंदा नावाच्या पाट्या खोदणे, राहणार जुन्नर, मूळ गाव निरगुडसर, तालुका आंबेगाव, माझ्या पश्चात काय करावे ते या मृत्युपत्राने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मुलाचे मत वेगळे आहे. मजवर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी लिहिलेच नसते, हे घरचे सांगतील.

१. राहते घर आणि बँकेत जे असेल ते पत्नी लंकाबाई हिचे. तिच्यामागे मुलगा संघर्ष आणि मुलगी प्रतीक्षा यांचे, समसमान. खालच्या गाळ्यात मोबाईलचे दुकान काढायचे संघर्षच्या मनात आहे. काढावे. मशीन मात्र भंगारात घालू नये.

२. ते खोदकामाचे मशीन प्रतीक्षाचे. मी ते १९९९ ते २००२ या काळात घरीच बनवले: ड्रॉवरच्या पट्ट्या, टाकून दिलेल्या प्रिंटरच्या मोटारी आणि जुना कॉम्प्युटर. त्यावरचा प्रोबही तिचाच, कारण तो तिने बनवला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. प्रोब म्हणजे सायकलच्या तारेचे एक टोक. मशीन ते पाटीवर दीडशे ठिकाणी हळूच टेकवते. टेकले की तार जराशी उचलली जाऊन करंट तुटतो आणि त्या जागेची उंची कॉम्प्युटर लिहून घेतो. मग खोदताना टूल पाटीच्या उंचसखलपणाप्रमाणे वरखाली होते आणि सगळी अक्षरे सारखी खोल उतरतात. हे २००६ साली जमले. २००३ साली जमले असते तर कलम चार लिहावे लागले नसते.

३. माझी स्पिरिट लेव्हल सयाजी पेंटर यांस द्यावी. मशीन लेव्हलमध्ये आहे म्हणजे वरची पाटीही सपाटच, अशी माझी पूर्वी समजूत होती. सयाजीच्या पाट्या भिंतीवर तिरक्या लागतात, त्याला तरी तिचा उपयोग होईल.

४. निरगुडसरच्या विहाराच्या पायासाठी श्रमदान केलेल्यांची छत्तीस नावे पितळी पाटीवर खोदायची होती. थोरले बंधू सोमाजी बैठकीत उभे राहून म्हणाले, "हनमाचं मशीन भंगारातलं हाय. पाटी नासवंल. पुन्याला द्या." बैठकीने काम मलाच दिले. मी मशीन लेव्हल केले, खोली अर्धा मिलिमीटर धरली आणि खोदले. पितळेच्या पत्र्याला मधे पोट होते. मधली नावे खोल उतरली. खालचा उजवा कोपरा बसका होता, तिथे टूल नुसते चाटून गेले. घरांच्या ओळीने त्या कोपऱ्यात दादा आणि वहिनी साळुबाई यांची नावे आली होती.

लोक म्हणाले, हनुमंताने मुद्दाम केले. मी मुद्दाम केलेले नाही.

वहिनींना वाचता येत नव्हते. पाटी लागली त्या दिवशी दादांनी त्यांना जागा दाखवली. त्यांनी तिथे बोट फिरवले, मग वर दुसऱ्यांच्या नावांवर फिरवले, आणि परत खाली आणले. म्हणाल्या, "भावजी, आमचं नाव हाताला लागत न्हाई." मी म्हणालो, "वहिनी, वाचणाऱ्याला दिसतं."

पाटी उतरवून पुन्हा खोदायला एक दिवस लागला असता. पण मग दादांचे बैठकीतले बोलणे खरे ठरले असते. वहिनी २००५ साली गेल्या.

५. २००७ च्या जयंतीआधी विहाराला रंग देताना पाटी उतरवली होती. मी ती दुकानात आणून प्रोबखाली ठेवली. कोपरा बेचाळीस शतांश मिलिमीटर खाली निघाला. आकड्यांचा तो कागद घेऊन मी दादांकडे गेलो. चार वर्षांत त्यांची पायरी चढलो नव्हतो. दादांनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "कोपरा खाली व्हता, कबूल. पन तिनं बोट फिरवलं तवा तू काय म्हनलास, त्ये यात कुठं लिवलंय?"

मी उठून आलो. पाटी अजून मशीनवरच होती. प्रोब होता, टूल होते, वेळही होता. मी पाटी तशीच नेऊन परत लावली. याची मला लाज वाटते. तो कागद या मृत्युपत्रास जोडलेला नाही.

६. माझ्या पश्चात प्रतीक्षाने पाटी उतरवावी, प्रोब फिरवावा आणि ती दोन्ही नावे पुन्हा खोदावीत. डोळे मिटून बोट फिरवून पाहावे. बोट अडले पाहिजे.

७. दादांना मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार दादाच हवेत. कच्ची प्रत प्रतीक्षाच्या हाती आठ दिवस आधी त्यांच्याकडे पाठवली आहे. यायचे की नाही ते त्यांनी ठरवावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि कलम चार दोनदा वाचले.

ठिकाण: जुन्नर
रविवार, दि. ९ नोव्हेंबर २००८

(सही) हनुमंत भिका रोकडे

साक्षीदार:

१. (सही) जानकाबाई सावळेराम डोके, शेजारी

२. सोमाजी भिका रोकडे, निरगुडसर. सहीच्या जागी त्यांच्या हातचा मजकूर:

"वाचलं. पाटी खोलून जीपमदी आनलीया, भाईर हाय. तुज्या मरायची वाट कोन बघतंय? आदी साळूचं नाव खोद. सही मंग करतो."