पोट माझं, डॉक्टर मी

१४ नोव्हेंबर १९५५, सकाळ
छातीत जळजळ. कालच्या वांग्याच्या भाजीचा दोष नाही, भाजी उत्तम होती. दोष वायूचा. पेलाभर पाण्यात खाण्याचा सोडा टाकून गटागटा प्यालो. ढेकर असा आला की ओसरीवरची मांजर उठून गेली. आजपासून हाच उपचार. ॲसिडला सोडा मारतो, हे मॅट्रिकला शिकलो आहे. (नापास झालो ते गणितात.)

१६ नोव्हेंबर
कापसाचा सीझन सुरू. जिनिंग फॅक्टरीत दिवसभर यंत्रांची घरघर, माझ्यासारख्या हेडक्लार्कचं डोकं दुखणारच. उपाशीपोटी डोक्याची गोळी घेतली, दुपारी परत एक. गोळीने पोट जळतं, मग सोडा. सोड्याने बरं वाटतं, मग गोळी. सिस्टिम बसली. बायको, मनकर्णा, म्हणते, सोडा म्हणजे काय भाकर हाये का, रोज खायाले? बायकांना केमिस्ट्री कळत नाही.

१९ नोव्हेंबर
मनकर्णेच्या हट्टापायी डॉक्टर प्रभाकररावांकडे. सेलूत नवीनच आलेत, वयाने पोरगेलेसे. पोट दाबलं, जीभ पाहिली. म्हणाले, अल्सर असू शकतो. सोडा बंद, त्याने जळजळ तेवढ्यापुरती थांबते, जखम भरत नाही, वर शरीरात मीठ जातं. (मी सोड्यात मीठ घालत नाही. बोललो नाही, पोराचं मन मोडू नये.) एक पांढरं औषध दिलं, जेवणानंतर तासाभराने घ्यायचं. शौचास काळी झाली तर तडक या, म्हणाले. मग विचारलं, दुसरी कुठली गोळी घेता का? मी म्हटलं, नाही. डोक्याची गोळी डोक्यासाठी असते, पोटाच्या डॉक्टरचा काय संबंध?
बाहेर आल्यावर मनकर्णा म्हणाली, काऊन वो, गोळ्याईचं सांगतलं नाई? मी म्हटलं, विषयांतर झालं असतं.

२१ नोव्हेंबर
पांढरं औषध म्हणजे भिंतीचा चुना. त्यात पोट ढिलं झालं, ऑफिसातून चारदा उठलो. साहेब बघत होते. औषध बंद. आता सोडा दुधातून घेतो. दूध थंड, सोडा थंड, डबल इफेक्ट. हे डॉक्टरला सुचलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर
शौचास काळीकुट्ट, डांबरासारखी. प्रथम दचकलो. मग विचार केला. इतक्या वर्षांचा साचलेला मळ सुटतो आहे! सोड्याची करामत. खुशीत मनकर्णेला सांगितलं, तर तिने हातातलं भांडंच खाली ठेवलं. म्हणाली, डॉक्टरसाहेबांनी काय म्हनलं होतं? उठा, चला. मी म्हटलं, ते साध्या पेशंटसाठी. रविवारी केळझरला पंगत आहे, ती झाल्यावर पाहू. तिने भांडं उचललं आणि आत गेली. तिला पटलेलं दिसतं.

२६ नोव्हेंबर
अंगात हलकं हलकं वाटतं. जिना चढताना धाप लागली, म्हणजे छाती मोकळी होते आहे. चेहरा पांढरा पडला असं मनकर्णा म्हणते. उजळला म्हणायचं असेल.

२७ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
केळझर. मनकर्णेचे भाऊ तानबाजी यांचा गणपतीचा नवस, निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. तानबाजी शेतकरी, भला माणूस, पण लग्नानंतरच्या अकरा वर्षांत आमचं एका गोष्टीवर जुळलेलं नाही. पंगतीची व्यवस्था मी पाहणार, असं मीच जाहीर केलं. डोकं ठणकतंय, दोन गोळ्या, वर सोडा. आज भाजीवरच्या लाल तर्रीचा कट वरून घ्यायचा. पोट तयार आहे.

२९ नोव्हेंबर. वर्धा, दवाखाना. पेन्सिलने.
 मनकर्णेकडून कळलं ते असं. दुसरा रोडगा मोडला आणि भाजीच्या पत्रावळीवरच आडवा झालो. रक्ताची उलटी झाली. लोक म्हणाले, तर्री आहे. तानबाजी म्हणाले, तर्री नाई, रक्त हाये, खासर जुंपा. सडकेपर्यंत बैलगाडीने, पुढे वर्ध्याला जाणारा ट्रक त्यांनी आडवं जाऊन थांबवला. ट्रकमध्ये माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं म्हणे. मला फक्त मनकर्णेचा आवाज आठवतो. अहो, डोळे उघडे ठेवा, अहो. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी घाबरलो होतो. (हे खोडायचं आहे, पण खोडरबर नाही.)
रक्त द्यावं लागलं. कोणाचं जुळतं पाहिलं. तानबाजींचं जुळलं.

३० नोव्हेंबर
मोठे डॉक्टर आले. विचारलं, आधी कुठल्या गोळ्या घेत होता? मी म्हणणार होतो, कुठल्याच नाही. मनकर्णेने माझ्या कोटाच्या खिशातून डोक्याच्या गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, या गोळ्यांनी पोटाला जखम केली आणि सोड्याने तिचं दुखणं झाकून ठेवलं. अजून एक दिवस उशीर झाला असता तर मी तुमच्याशी बोलत नसतो. आता सिस्टर देईल तेच औषध, देईल त्याच वेळी. दुसरं काहीही घ्यायचं तर आधी विचारायचं.
म्हणजे सोड्याने दुखणं थांबत होतं, हे डॉक्टरांनीही मान्य केलं. नोंद असावी.
तानबाजी बाकावर बसल्या बसल्या झोपले होते. ते उठल्यावर मला त्यांच्याशी काहीतरी बोलावं असं वाटलं. ते म्हणाले, पडून राह्यजा भाऊजी, रोडगे पुढच्या साली खाऊ. मी होकार दिला. हे जमलं.

२ डिसेंबर
बरं वाटतं. दूध आणि मऊ भात चालू झाला. बिनमिठाचा, बिनतिखटाचा, बिनचवीचा. सकाळपासून एक निवेदन तयार केलं आहे. झाल्या प्रकारात माझ्या उपचारपद्धतीचा नेमका वाटा किती, आणि पंगतीतल्या तेलाचा किती. मुद्दे पाच. मनकर्णा भात घेऊन आली, तेव्हा म्हटलं, बस, तुला एक समजावून सांगायचं आहे.
तिने चमचा भरला. म्हणाली, तोंड उघडा.
उघडलं.