दहा जणींचं म्हणणं

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पडद्यांच्या कारखान्यात मन रमलंय. शिवून झालेले पांढरे पडदे खिडकीशी टांगतात. वारा आला की अख्खी खोली पाण्यात तरंगतेय असं वाटतं, आणि मशीनवर बसल्या बसल्या मी कुठल्या कुठे जाते. नमुने काढायच्या वर्गाला नाव घातलंय, वर्षभराचा आहे. म्हणून मूल इतक्यात नको असं आम्ही ठरवलं, गोळ्याही आणल्या.

पण सासूबाई रोज काही विशेष आहे का विचारतात. कारखान्यातल्या मोठ्या बाई, ज्यांना आम्ही हेडमास्तर म्हणतो, त्या सांगतात गोळ्यांनी कूस वाळते. बाकीच्या माना डोलावतात. दहा जणी सांगतात ते खोटं कसं असेल? आठवडा झाला, गोळ्या बंद केल्यात. ह्यांना बोललेली नाही. रागावू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

रागावले नाही, घाबरले. मीही दहा जणींचं ऐकलं होतं. अडीच वर्षांत दोन मुलं झाली. जीव की प्राण आहेत, पण शाळेतली नोकरी सुटली ती सुटलीच. अजून लांबून घंटा ऐकू आली की पाय आपोआप दारापर्यंत जातात. त्या दहा जणींपैकी मुलं सांभाळायला एकही आली नाही!

आधी जावईबापूंना सांग. मग दवाखान्यात जा. आणि त्या हेडमास्तरांना एकटं गाठून विचार.

काळजी करणारी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ह्यांना सांगितलं. लपवलं म्हणून रुसले, मग म्हणाले, आईला मीच समजावतो. सासूबाईंचं तोंड अजून फुगलेलं आहे, पण विचारणं थांबलंय.

दुपारी पडद्याची दोन टोकं धरून घडी घालताना हेडमास्तरांना विचारलं. घडी घालत जवळ आल्या आणि कानाशी म्हणाल्या, मूल नको म्हणून त्यांनी स्वतःच आठ वर्षांपासून तांबी बसवलीय. मग तसं का बोलता विचारलं, तर म्हणाल्या, तिसऱ्या मशीनवर त्यांची नणंद बसते. इथलं बोलणं संध्याकाळी घरी पोचतं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनीच मला दवाखान्यात नेलं. ताई, काळजीसारखं काही निघालं नाही. कूस वाळते म्हटल्यावर नर्सबाई हसल्याच. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, वर्गही सोमवारपासून.

पण खरी गंमत त्याआधीची. बाकावर आमच्याच कारखान्यातल्या दोघी बसलेल्या, एक तर ती नणंदच! आम्ही चौघीही भिंतीकडे बघत बसलो. नर्सबाईंनी पुढचं कोण म्हणून हाक दिली, तशा तिघी एकदम म्हणाल्या, हिला आधी घ्या, ही नवी आहे.

भाच्यांना पापा. अशीच जीव लावत राहा.
तुझी चिमणी