आप्पांची चूक काढायची शिकवणी

१० जून १९५१, रविवार

अण्णा आला! न कळवता! सकाळच्या गाडीने. खांद्यावर विमान कंपनीची निळी पिशवी, पांढरा सदरा घामाने चिंब — दारात उभा राहून नुसता हसतोय. मी किंचाळलेच. आई हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आली.

मेलकावेरीच्या आमच्या रस्त्यावर बातमी पसरायला कितीसा वेळ? शेजारचे गुरुमूर्तिमामा तर असे धावत आले, जणू विमान त्यांच्याच मागच्या अंगणात उतरवलंय. "काय चंद्रमौळी, वरून आमचं घर दिसतं काय रे?" उत्तर मीच दिलं — "घर नाही मामा, तुमचं टक्कल दिसतं!" आईने डोळे वटारले. वटारू दे. इथल्या, तंजावर मुलखातल्या आमच्या मराठी घरांतला विमान चालवणारा हा पहिला, आणि तो माझा सख्खा भाऊ आहे. आठवडाभर तरी मी शहाण्यासारखी वागणार नाही.

११ जून

मला वाटायचं, नोकरी लागली की टोपी घालायची आणि उडायचं. कसलं काय! फेब्रुवारीपासून मद्रासला शाळाच चाललीय त्याची. आधी वर्ग — इंजिन कसं चालतं, पेट्रोल कुठून कुठे जातं, चाकं पोटात कशी जातात. मग लेखी परीक्षा. मग एका बंद खोक्यात बसवतात. ते जमिनीवरच डुलतं, आणि आत नुसत्या तबकड्यांवरच्या काट्यांकडे बघत ढगांतून वाट काढायची! ते जमलं की खरं डाकोटा विमान. चढ, उतर, पुन्हा चढ, पुन्हा उतर. मध्येच शिकवणारा कॅप्टन एक इंजिन गप्प करतो आणि विचारतो — आता काय करशील?

डोळे बांधूनसुद्धा सगळे दांडे सापडले पाहिजेत म्हणे. मग काय, अण्णाने न्हाणीघराच्या भिंतीवर खडूने डाकोटाचं नाक काढलं, मी त्याच्या डोळ्यांवर आईच्या जुन्या लुगड्याचा पदर बांधला. "चाकं?" बरोबर. "टाकी?" बरोबर. "मिरच्यांचा डबा?" गड्याने स्वयंपाकघराकडे बोट केलं! मी हसून हसून खाली बसले.

पण रजा कशी मिळाली ते काही सांगत नाही. विचारलं तर भिंत पुसायला लागला.

१२ जून

आज दुपारी पानावर आप्पांनीच विचारलं. अण्णाने भात कालवायचा थांबवला आणि सांगून टाकलं.

मागच्या आठवड्यात डाकोटावरची परीक्षा होती. डाव्या खुर्चीत कॅप्टन, उजव्या खुर्चीत अण्णा. डाकोटाच्या शेपटीखालच्या चाकाला एक अडसर असतो, धावण्याआधी तो लावायचा, नाहीतर विमान भलतीकडे वळतं. कॅप्टननी तो लावला नाही. मुद्दाम. अण्णाने पाहिलं — आणि बोललाच नाही!

"कसाला बोलला नाहीस?" आप्पा.

"एवढे मोठे ते. युद्धात विमानं चालवलेले. त्यांस ठाऊक असेल म्हणून..."

कॅप्टन म्हणाले, माझी चूक पाहून गप्प राहणारा माणूस मला शेजारच्या खुर्चीत नको. अजून एक संधी देतो, एकवीस तारखेला. तेव्हाही गप्प बसलास तर कंपनीचा आणि तुझा संबंध संपला.

आप्पा हात धुवायला उठले. माझा अण्णा — एका इंजिनावर विमान उतरवणारा — तोंड उघडलं नाही म्हणून घरी येणार?

१३ जून

आप्पा दिवसभर ओट्यावर येरझारा घालतायत. आईला वाटतं अण्णावर रागावलेत. मला नाही वाटत तसं.

बाकी अण्णाला एकट्यालाच का नावं ठेवायची? आमच्या घरात आप्पांना "चुकलं" म्हणायची रीतच नाही. गेल्या वर्षी तिरुप्पनंदाळला लग्नाला निघालो तर आप्पा ऐटीत चढले ते तंजावरच्या बसमध्ये! पाटी आईने वाचली, मी वाचली, अण्णाने वाचली. सगळे मुकाट्याने त्यांच्या मागोमाग चढलो. कंडक्टरने तिकिटं विचारली तेव्हा कुठे उलगडा झाला. लग्न चुकलं. वर तोही विषय घरात कुणी काढला नाही!

१४ जून

आप्पांनी तोड काढली. आप्पाच ते!

सकाळी आंघोळ करून देवासमोर बसले आणि हाक मारली, "चंद्रमौळी, इकडे ये. उजवीकडे बस. आजपासून पूजेत मी मुद्दाम एकेक गोष्ट चुकवणार. तू मजला तिथेच थांबवायचं."

आई घाबरली. "देवासमोर नाटक? नक्को हो!"

"देवाची पूजा मी मागाहून नीट करीन. ही चंद्रमौळीची आहे."

आणि घंटा न वाजवताच पुढे गेले. लहानपणापासून रोज ऐकलेली पूजा. अण्णाला झोपेतही क्रम येतो. त्याने तोंड उघडलं — आणि मिटलं!

"घंटा वाजवली काय मी?"

"नाही, आप्पा."

"पाहिलंस ना? मग जीभ कुठे ठेवून आलास, मद्रासला?"

१५ जून

आज शंखाला गंध लावलं नाही. अण्णा खोकला. आप्पांनी मागे वळून विचारलं, "विमानात असाच खोकणार काय?"

१६ जून

आज बोलला! पण कसा — "आप्पा, तुम्हांस ठाऊकच असेल, मी काय सांगायचं, तरीपण अक्षता बहुतेक..."

"पडलं तुझं विमान," आप्पा म्हणाले. "बहुतेक म्हणेपर्यंत पडलं."

अण्णा मागच्या पायरीवर डोकं धरून बसला. मी कॉफी नेऊन दिली. म्हणाला, "शिवे, इंजिन बंद पडलं तर हात आपोआप चालतात गं. आप्पांसमोर घसाच बंद होतो." मला त्याची इतकी दया आली की चिडवायचं राहूनच गेलं.

१७ जून, रविवार

झालं! झालं!

आप्पांनी धूप न दाखवता सरळ निरांजन उचललं. अण्णा म्हणाला — खणखणीत, स्वयंपाकघरात ऐकू येईल असं — "आप्पा, थांबा. धूप राहिला."

आईच्या हातून तांब्या पडला.

पण आप्पांचं संपलं नव्हतंच. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बापाला शिकवतोस? मजला?" असा आवाज की अंगणातले कावळे उडाले. अण्णा पांढराफटक पडला. पण हलला नाही. "धूप राहिला, आप्पा. आधी धूप."

आप्पांनी निरांजन खाली ठेवलं आणि धूप पेटवला. ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबत होते. मी जवळूनच पाहिलं.

संध्याकाळी ओट्यावर गुरुमूर्तिमामांना सांगत होते, "आज माझ्या मुलाने मजला तोंडावर चूक दाखवली!" असं सांगत होते की जणू मुलाला कलेक्टर केलंय. मामा बिचारे, सांत्वन करायचं की अभिनंदन, त्यांना कळेचना.

मीही हात धुऊन घेतले — "आप्पा, सांबारात मीठ जास्त पडलंय!" तर म्हणाले, "तुझं विमान कुठलं?" माझ्या वेळी बरा मेला नियम बदलतो!

१८ जून

अण्णा गेला. स्टेशनवर आप्पांच्या पाया पडला. ते एवढंच म्हणाले, "कॅप्टनही कुणाचा तरी आप्पाच. मजला सांगितलंस तसंच सांग त्यास."

२० जून

आईने नवस बोललाय. मीही बोललेय, पण माझा जरा मोठा आहे, म्हणून लिहीत नाही.

२२ जून

तार! पास!!

तारवाल्याला मी घरात ओढून लाडू खायला लावले. आप्पांनी तार वाचली, घडी केली, उघडली, पुन्हा वाचली. मग अंगरखा घालून बाजारात निघाले. काय आणायचंय विचारलं तर म्हणाले, काही नाही. वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले असणार! मी असते तर तेच केलं असतं. कॅप्टननी या वेळी मुद्दाम काय चुकवलं असेल ते असो, आमच्या अण्णाने ते पकडलंच. मला आज इतका अभिमान वाटतोय की अक्षर वाकडं येतंय.

२४ जून, रविवार

अण्णा आलाय. लाडू पुढे केला तर म्हणाला, आधी ऐका.

धावपट्टीच्या तोंडाशी कॅप्टननी वेग घ्यायला हात पुढे केला. शेपटीवरचं सुकाणू मोकळं आहे ना, ते हलवून पाहायचं राहिलं होतं. अण्णा म्हणाला, "सर, थांबा. सुकाणू राहिलं." ते वैतागले, पण त्यांनी हलवून पाहिलं. हलेना! विमान उभं असताना सुकाणू वाऱ्याने आपटू नये म्हणून लाकडी चिमटा लावतात, तो कुणी काढलाच नव्हता. तसेच धावले असते तर विमान हाती राहिलं नसतं. कुणीच वाचलं नसतं.

"केवढी अवघड परीक्षा!" मी म्हटलं.

"परीक्षा नव्हती ती, शिवे. सर खरंच विसरले होते."

आप्पांनी त्याचा हात धरलाय तो अजून सोडलेला नाही. आई आत रडते आहे. मी तिच्याकडे जाते.