सात लिटर आणि आईची सीट

६ जानेवारी, शनिवार
या वर्षी रोजनिशी लिहायचीच. या वर्षी माझ्या हातून जे घडणार आहे, त्याची कुठेतरी नोंद हवी.

गाडी आली! दोन सीटची, उघड्या टपाची, अस्सल ब्रिटिश स्पोर्ट्स कार. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बेसिंगस्टोकच्या एका गोऱ्या म्हाताऱ्याकडून घेतली. ट्रेलरवर त्याने ती स्वतः चालवत चढवली आणि उतरल्यावर रडला. मी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, चांगल्या हातात जाते आहे. तो माझ्या हातांकडे बघत राहिला.

गॅरेजमध्ये जागा करायला माझ्या बायकोचं, सीमाचं वॉशिंग मशीन मागच्या उघड्या पॅटिओवर हलवलं, वर ताडपत्री घातली. सीमा एक शब्दही बोलली नाही. म्हणजे गाडी तिलाही आवडली.

७ जानेवारी, रविवार
आमच्या मिल्टन कीन्सच्या बुद्धिस्ट सोसायटीची मीटिंग. यंदा १४ एप्रिल बरोबर रविवारी, त्यामुळे जयंतीची मिरवणूक त्याच दिवशी. आई दरवर्षी चालत जाते. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी दुसऱ्या राउंडअबाउटलाच संप केला. ती बाकावर बसून राहिली आणि मिरवणूक पुढे गेली. घरी आल्यावर दोन दिवस जेवली नव्हती धड.

मी उभा राहिलो आणि जाहीर केलं: यंदा मिरवणुकीच्या पुढे माझी क्लासिक कार. माझ्या शेजारच्या सीटवर आई. आईच्या मांडीवर बाबासाहेबांचा फोटो. टाळ्यांचा कडकडाट! आईने पदराने डोळे पुसले. आमचे बाबा होते तोवर फोटो धरायचा मान त्यांचा होता.

आमचा सेक्रेटरी संघर्ष, तरुण पोरगा, फार शंकेखोर. म्हणाला, काका, गाडी चालते ना? मी नुसता हसलो.

१३ जानेवारी
गाडी चालते, हाच प्रॉब्लेम आहे. चार सिलिंडर. आवाज शिवणयंत्रासारखा. बाबासाहेबांच्या पुढे शिवणयंत्र? शक्य नाही. इंजिन बदलायचं ठरवलं.

२० जानेवारी
इंजिनाचा अभ्यास पूर्ण. दोन पर्याय. स्मॉल ब्लॉक: अमेरिकन व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडर, पण आटोपशीर, हलकं, या गाडीत सहज बसणारं. बिग ब्लॉक: तेच, पण सात लिटर, सगळं लोखंड, वजन तीनशे किलोच्या आसपास. जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन फोरमवरचे झाडून सगळे म्हणतात, स्मॉल घे. त्यातल्या एकाने तर लिहिलं की या गाडीत बिग ब्लॉक घालणं म्हणजे बाथटबमध्ये फ्रिज ठेवणं. माणसांच्या महत्त्वाकांक्षेचाच ब्लॉक स्मॉल असेल तर मी काय करू?

सीमाने विचारलं, मिरवणूक किती वेगाने जाते? चालण्याच्या वेगाने, मी म्हटलं. मग सात लिटर कशाला? तिला समजावलं की ताशी दीडशे मैल जाऊ शकणारं इंजिन जेव्हा ताशी तीन मैलांनी जातं, तेव्हा त्याला संयम म्हणतात. शिवणयंत्राला संयम दाखवता येत नाही. ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

४ फेब्रुवारी
जुनं इंजिन काढलं. पुन्हा मोह नको म्हणून लगेच फोरमवरच्या एकाला देऊन टाकलं. तो व्हॅन घेऊन वाऱ्यासारखा आला. जाताना दोनदा विचारून गेला, नक्की ना?

आईने लंडनच्या एजवेअरला प्रमोदला फोन करून सांगितलं की यंदा ती गाडीतून जाणार. मग प्रमोदच्या बायकोला सांगितलं. मग प्रमोदच्या शेजारणीला बोलावून घ्यायला लावलं आणि तिलाही सांगितलं. प्रमोद माझा धाकटा भाऊ. त्याच्याकडे फॅमिली हॅचबॅक आहे. जास्त काही लिहीत नाही.

११ फेब्रुवारी
आमची तनू आली. लंडनला नोकरी, छोटी इलेक्ट्रिक कार, जन्म इथलाच. म्हणाली, बाबा, माझा गाडीत आजी मस्त बसेल, आपण फुलं लावू, तू टेन्शन नको घेऊ. मी तिला सांगितलं की ज्या गाडीचा आवाजच येत नाही, ती मिरवणुकीच्या पुढे शोभत नाही. तरी पोरीचं मन मोडायला नको म्हणून तिच्या गाडीलाही काम दिलं: मागच्या, पुढच्या सगळ्या सीटवर स्पीकर आणि अँप्लिफायर. संघर्षला तसं कळवून टाकलं. डेलिगेशन हा माझा मूळ पिंड.

१० मार्च, रविवार
इथला मदर्स डे. डोळे मिटायला लावून आईला हात धरून गॅरेजमध्ये नेलं. डोळे उघड म्हटलं. समोर बिग ब्लॉक! काल दुपारी आलं. आईने त्याला बोट लावून बघितलं. मग विचारलं, यात मी कुठे बसायचं? तिला सांगितलं की हे इंजिन आहे, हे गाडीच्या आत जाणार. आईने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा इंजिनाकडे. म्हणाली, संज्या, ही त्याच्या आत जाईल असं वाटतंय.

आईचा ह्यूमर अजून शाबूत आहे.

सीमाने आईला ट्युलिप दिले. ठीक आहे, फुलं काय, वाळतात.

१६ मार्च
इंजिन बसत नाही. म्हणजे बसतं, पण बॉनेट बसत नाही. आणि स्टिअरिंगचा रॉड जिथून जातो, तिथून आता एक्झॉस्टचा पाइप जातो. किरकोळ आहे. इंजिन फूटभर मागे सरकवायचं की झालं. त्यासाठी इंजिन आणि पाय यांच्यामधला पत्रा कापावा लागेल. पत्राच आहे, कापला.

२९ मार्च, गुड फ्रायडे
पत्रा कापला, इंजिन मागे सरकलं, परफेक्ट! फक्त शेजारच्या सीटपुढची पाय ठेवायची जागा गेली. आईला ट्रायल बसवलं. गुडघे हनुवटीला लागले. ऑपरेशनचा गुडघा तेवढा वाकत नाही म्हणून तो पाय दाराबाहेर. फोटोऐवजी ट्रे दिला होता, तो मांडीवर मावेना. कळवळली, पण म्हणाली, चालेल रे, थोडाच वेळ आहे. तू खूप कष्ट केलेस.

याला म्हणतात आईचा आशीर्वाद. सीमा दारात उभी होती. तिने आईला उठवून आत नेलं. जळते.

संघर्ष येऊन गेला. खबरदारी म्हणून सोसायटीच्या हॉलवरून आईसाठी व्हीलचेअर आणली होती. खबरदारी! मी माझा अपमान गिळला आणि चेअर गॅरेजमध्ये ठेवून घेतली.

७ एप्रिल
गिअरबॉक्स आला. ड्राइव्हवेवरून आत कसा न्यायचा? डोकं लढवलं. व्हीलचेअर! संघर्षची वस्तू शेवटी कामाला आली. एक चाक थोडं वाकलं, सीटवर थोडं ऑइल सांडलं. पुसून घेईन.

नवा गिअरबॉक्स रुंद आहे, त्यामुळे बॅटरीला आणि पेट्रोलच्या टाकीला जागा उरत नाही. फोरमवर विचारलं. एकजण म्हणाला, पॅसेंजर सीट काढ, तिथे दोन्ही मावतील. अफलातून आयडिया! लगेच काढली. वजनाचा समतोलही साधला. गाडी आता खऱ्या अर्थाने रेसिंग कार झाली.

रात्री सीमाने विचारलं, आई कुठे बसणार?

यावर विचार चालू आहे.

१३ एप्रिल, शनिवार
विचार झाला. टाकीवर उशी बांधू. नंतर वाटलं, पेट्रोलची टाकी आणि आई, नको. आईची सुरक्षितता आधी. उद्या सकाळी सीट परत बसवतो, टाकी तात्पुरती डिकीत. तासाभराचं काम.

संघर्षचा फोन. काका, गाडी झाली नसेल तर स्पष्ट सांगा, आजींना न्यायला कुणाची तरी कार पाठवतो, अजून वेळ आहे. मी त्याला झाडलं. म्हटलं, माझ्या आईला न्यायला दुसऱ्याची गाडी यायची वेळ आलेली नाही.

आईने भिंतीवरचा फोटो उतरवून स्वच्छ पुसला, हार घालून टेबलावर उभा केला. पांढरी साडी स्वतः इस्त्री केली. सीमाला करू दिली नाही.

१४ एप्रिल, रविवार
आज फार लिहीत नाही.

सीट बसली नाही. बोल्टची भोकं मीच बुजवली होती, विसरलो. आई उजाडायच्या आत तयार होऊन दारातल्या खुर्चीत बसली होती, मांडीवर फोटो. दर वेळी मी आत आलो की उठायला बघायची. संघर्षचा फोन आला, पाच मिनिटं म्हटलं. परत आला, परत पाच मिनिटं म्हटलं. तिसऱ्यांदा आला नाही.

शेवटी सीमाने व्हीलचेअर बाहेर काढली. आई बसली आणि उठली. मागून पूर्ण साडीला काळं ऑइल. चाकही असं वाकलेलं की चेअर एका जागी गोल फिरते. सीमाने तनूला फोन केला. तनू रडायला लागली, बाबा, गाडीत नुसते स्पीकर आहे, तूच सांगितलं होतं, आणि मी सगळ्यांचा पुढे आहे, आता मागे कसा येऊ. घरात दुसरी गाडी नाही, टॅक्सीला अर्धा तास म्हणाले. तोवर सगळे हॉलवर पोचले असते.

एक चांगलं झालं. तनूच्या गाडीतले स्पीकर जबरदस्त निघाले. मिरवणूक मागच्या रस्त्यावरून गेली तेव्हा 'जय भीम'चा जयघोष आमच्या खिडकीत स्पष्ट ऐकू आला. म्हणजे एका अर्थी आई सहभागी झाली. ती खिडकीशी उभी राहून, ऑइलची साडी तशीच, फोटो छातीशी धरून शेवटपर्यंत ऐकत होती. आवाज थांबल्यावर मला विचारलं, संज्या, ते इंजिन कुणासाठी होतं रे?

प्रश्न टेक्निकल आहे. ती शांत झाल्यावर समजावून सांगेन.

१५ एप्रिल
प्रमोद येऊन आईला एजवेअरला घेऊन गेला. हवापालट. हॅचबॅकमध्ये ती आरामात बसली हे मान्य करतो. फोटोही बरोबर नेला. प्रमोद मला नेहमी दादा म्हणतो. आज काहीच म्हणाला नाही.

२१ एप्रिल, रविवार
त्यांच्याकडची जयंती आज होती. प्रमोदच्या बायकोने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. आई मिरवणुकीच्या सगळ्यांत पुढे. कुणाची तरी जुनी मोबिलिटी स्कूटर, बॅटरीवर चालणारी, हँडलला निळे झेंडे. बाबासाहेब मांडीवर. तीच पांढरी साडी. डाग दिसू नये म्हणून मागे निळी शाल.

आई हसते आहे. असं हसताना मी तिला बाबा गेल्यापासून बघितलेलं नाही. बराच वेळ फोटो झूम करून बघत बसलो. मग ग्रुपवर लिहिलं, स्कूटरचा टॉप स्पीड किती?

२७ एप्रिल, शनिवार
आईचा निरोप आला, सीमाच्या फोनवर. उरलेल्या साड्या, स्वेटर आणि गुडघ्याचं तेल पाठवा. परत कधी येणार ते नाही. मी म्हटलं, बॅग मी नेतो, या गाडीने, आईला सरप्राइज. सीमाने टाकीकडे बोट दाखवून विचारलं, बॅग कुठे ठेवणार? मग ती आणि तनू बॅग घेऊन इलेक्ट्रिक कारने गेल्या.

दुपारी घरात एकटाच. आणि आज इंजिन सुरू झालं! पहिल्याच स्टार्टला! सात लिटर! खिडक्या थरथरल्या, पॅटिओवरच्या मशीनची ताडपत्री उडाली. असा आवाज या गल्लीने जन्मात ऐकला नसेल. डोळ्यांत पाणी आलं. हे सगळ्यांत आधी आईला ऐकवायचं, म्हणून तिला फोन लावला. तिने उचलला. मी ओरडून म्हटलं, आई, ऐक, तुझी गाडी! आणि फोन एक्झॉस्टजवळ धरला. चांगला वेळ धरला. मध्ये दोनदा ॲक्सिलरेटरही दाबला.

इंजिन बंद करून फोन कानाला लावला, विचारलं, कसा वाटला? फोन कट झालेला होता. कधी झाला, ते आवाजात कळलं नाही.