वेड्यांची बातमीदार

प्रिय लोवेल,

चिडणारच आहेस, तर नीट खुर्चीत बसून चीड. पाकिटावर माझं नाव दिसलं की तुझ्या कपाळाला आठी पडते, हे मला ओहायोच्या या टोकाला बसूनही दिसतं. तरी वाच. मोठ्या बहिणीचं एवढं ऐकायला हरकत नाही.

सभ्य लोक ज्यांच्याकडे पाठ फिरवतात, त्यांच्याबद्दल लिहिण्यात माझी हयात गेली. विषारी साप हातात धरून प्रार्थना करणारे, मक्याच्या शेतात खुर्च्या टाकून उडत्या तबकडीची वाट बघणारे, मेलेल्या नवऱ्याशी रेडिओवर बोलणारी ती टोलीडोची बाई. संपादक म्हणायचे, “ऑपल, जा, काहीतरी हसवणारं आण.” मी जायची, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायची आणि न हसता लिहायची. कुणाची टिंगल केली नाही आणि कुणाच्या नादीही लागले नाही. माझी पत्रकारिता एवढीच, आणि मला तिचा अभिमान आहे.

गावात तुला त्याचा त्रास झाला, मान्य. आजोबांपासूनचं आपलं फ्युनरल होम. प्रेत टिकावं म्हणून मेलेल्यांना औषध भरून, गालाला रंग लावून, चकचकीत पेटीतून पोचवणारं इभ्रतदार घर, आणि त्यात मी. चर्चच्या जेवणात बायका तुला विचारायच्या, “काय लोवेल, बहीण सध्या कुणाच्या मागे? भुतांच्या का?” आणि तू बटाट्याचं सॅलड वाढून घ्यायचास.

पण मी इनेझवर लिहिलं आणि तू बोलणंच टाकलंस. डोंगरातलं आपलं रान तिने दफनासाठी खुलं केलंय; तिथे माणसं आपलं गेलेलं माणूस नुसत्या चादरीत गुंडाळून आणतात, स्वतः खड्डा खणतात, स्वतः माती लोटतात. ना औषध, ना पेटी. “घरच्याच धंद्यावर उठलीस तू,” असं म्हणून तू फोन आपटलास. अरे, तुझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. इनेझ म्हणाली तेच लिहिलं होतं, “आम्ही वेडे नाही हो. आमचं माणूस आम्हीच पोचवतो, इतकंच.” त्या लेखाची माफी मी तेव्हा मागितली नाही, आताही मागणार नाही.

आता खरं सांगते. डॉक्टर म्हणतात, नाताळ बघेन, पण त्यापुढचा वसंत नाही. इनेझच्या रानात एका हिकरीच्या झाडाखाली मी जागा ठरवली आहे. तुझं औषध नको, पेटी नको, गालाला रंग तर मुळीच नको. गाव काय बोलायचं ते बोलेल आणि तुला ऐकावं लागेल, ते ऐक. पण बाबा गेले तेव्हा तू काळा सूट घालून दाराशी उभा होतास, गाड्या कुठे लावायच्या ते दाखवत. आई गेली तेव्हाही तसाच. घरातल्या प्रत्येक मरणात तू कामावर होतास, लोवेल. आमच्यात येऊन एकदाही बसला नाहीस. माझ्या वेळी गाड्या इनेझ बघेल. तू सूट न घालता ये. दोराचं एक टोक धर, मला तुझ्या हाताने खाली सोड, आणि मग तिथेच मातीत बसून हवं तेवढं रड. कुणी बघत असलं, तर बघू दे.

तुझीच, अजून शहाणी न झालेली,
ऑपल