कम्प्युटर मीच जोडला

पुणे

ईश्वरीच्या पप्पांना वर्षाराणीचा नमस्कार.

फोनवर सगळे ऐकत असतात, म्हणून लिहिते. आत्याबाईंचा गुडघा बरा आहे का?

आपल्या तेलगावच्या दुकानासाठी कम्प्युटरचं सगळं सामान घेतलं. तुम्हाला आवडलेले रंगीत दिव्यांचे पंखे नाही घेतले, रागावू नका. त्याऐवजी पॉवर सप्लाय भारीतला घेतला. आपल्याकडची लाइट कशी कमी-जास्त होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. स्क्रीन जुनी आहे, पण मोठी मिळाली.

सोबत शहादेवदादा आला होता. दुकानदार दर वेळी त्यालाच विचारायचा. शेवटी मी म्हणलं, "माझा भाऊ ट्रक चालवतो. कम्प्युटर मी जोडणार हाय, मला विचारा."

मग तिथंच काउंटरवर जोडला. बटण दाबलं तर पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच. सगळे बघत होते. इथल्या कम्प्युटर क्लासच्या मॅडमनी सांगितलेलं आठवलं. रॅमची पट्टी काढून पुन्हा नीट दाबून बसवली, तशी स्क्रीन उजळली. दादा टाळ्याच वाजवायला लागला!

दुकानदार म्हणाला, "ताई, आमच्याकडंच राहता का कामाला?"

म्हणलं, "न्हाई भाऊ, गावाकडं लेक वाट बघते."

आठ दिवस झाले, ईश्वरी फोनवर येत नाही. खेळतेय, असं तुम्ही सांगता. पंधरा दिवसांत क्लास संपला की मी निघतेच. बघते ना हो ती वाट?

तुमचीच,
वर्षाराणी